पंखा होता, तरी इंजिन तापले!

पाम बीच रस्ता ओलांडून खाडीच्या दिशेने चालत गेलात, की सारसोळ्याची जेट्टी लागते. आजूबाजूला खारफुटी, ओहोटीच्या वेळी चिखलात टेकलेल्या होड्या, आणि नाकात भरणारा खारट वास. माणसाला ही हवा बरी वाटते. लोखंडाला मात्र ती मुळीच मानवत नाही. दमट, खारट हवेत पातळ पत्रा किती लवकर कुजतो, हे या गावातल्या कोणाही होडीवाल्याला विचारा!

अशाच एका कुजलेल्या पत्र्याची ही हकिकत आहे.

माझा पुतण्या सारसोळ्याला राहतो. यंत्र अभियांत्रिकीच्या पदविकेला आहे. त्याने भंगारवाल्याकडून जुन्या चेतक स्कूटरचे इंजिन आणले आणि ते दुरुस्त करून छोटी चारचाकी गाडी बनवण्याचा घाट घातला. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, चार लहान चाके आणि मागे इंजिन. मला मदतीला बोलावले, म्हणजे खरे तर हत्यारे घेऊन बोलावले.

हा छंद नवा नाही. जर्मनीत १९३८ साली जन्मलेल्या फोक्सवॅगन बीटल या मोटारीला पाण्याऐवजी हवेने थंड होणारे इंजिन होते, आणि २००३ पर्यंत अशा २ कोटी १५ लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. अमेरिकेत ब्रूस मेयर्स यांनी १९६४ साली बीटलचे इंजिन व इतर भाग घेऊन त्यावर तंतुकाचेची हलकी काया चढवली. पुढे असे सुटे भाग विकत घेऊन घरच्या घरी गाडी जोडण्याची तिकडे लाटच आली. आपल्याकडे सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या वस्तूंतून जीपसारखी गाडी बनवली. ती दुचाकीसारखी किक मारून सुरू होते. २०२१ च्या अखेरीस तिची देशभर चर्चा झाली, आणि पुढच्याच महिन्यात उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिच्या बदल्यात त्यांना नवी बोलेरो दिली. अशा घरगुती गाड्या सार्वजनिक रस्त्यावर चालवायला कायद्याने परवानगी नसते. आम्हीही मोकळ्या मैदानाचाच विचार केला होता.

आता इंजिनाकडे वळू. चेतकच्या इंजिनाचा सिलिंडर ५७ मिलिमीटर व्यासाचा, आणि त्यात खालीवर होणाऱ्या दट्ट्याची, म्हणजे पिस्टनची, धावही ५७ मिलिमीटर. गुणाकार करून पाहा: साधारण १४५ घन सेंटिमीटर येतात. चहाच्या मोठ्या कपाएवढीच जागा. या जागेत पेट्रोल पेटते तेव्हा ज्वालेचे तापमान २००० अंश सेल्सियसच्या पुढे जाते. दट्ट्या असतो अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, आणि शुद्ध अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते! मग दट्ट्याचे पाणी का होत नाही? कारण ज्वाला क्षणभरच टिकते, तिच्यामागून पेट्रोल आणि हवेचे थंड मिश्रण येते, आणि दट्ट्याला मिळालेली उष्णता सिलिंडरच्या भिंतीतून सतत बाहेर काढली जाते.

ही बाहेर काढण्याची कामगिरी मोटारीत बहुधा पाणी करते. स्कूटरमध्ये ती हवेवर सोपवलेली असते, आणि हवा या कामात फार दुबळी आहे. एक लिटर पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवायला सुमारे ४२०० ज्यूल उष्णता लागते. एक लिटर हवेला जेमतेम १.२ ज्यूल. म्हणजे एक लिटर पाणी जेवढी उष्णता उचलते, तेवढी उचलायला साडेतीन हजार लिटर हवा हवी! म्हणून दोन युक्त्या करतात. सिलिंडरच्या बाहेरच्या अंगाला पातळ कड्यांसारख्या पट्ट्या ठेवतात. गॅरेजमध्ये त्यांना फिन म्हणतात. त्यांच्यामुळे हवेला स्पर्श करणारे क्षेत्रफळ कितीतरी पटींनी वाढते. दुसरी युक्ती म्हणजे हवा वेगाने पुढे ढकलत राहणे. मोटारसायकलचे इंजिन उघड्यावर असते, त्याला धावताना वारा आपोआप मिळतो. स्कूटरचे इंजिन झाकलेले, म्हणून त्याच्या फ्लायव्हीललाच पाती असतात. इंजिन फिरले की पंखाही फिरतो.

आम्ही इंजिन उघडले. फिनच्या फटी तेल, धूळ आणि गंज यांनी बुजल्या होत्या. रॉकेल आणि ब्रश घेऊन त्या साफ करण्यात दोन संध्याकाळी गेल्या. पुतण्याला वर चकचकीत जाड रंग द्यायचा होता. मी देऊ दिला नाही. रंगाचा जाड थर म्हणजे फिनला घातलेला स्वेटरच की! दट्ट्याच्या डोक्यावरची काजळी लाकडी पट्टीने खरवडली, कारण लोखंडी हत्याराने मऊ अॅल्युमिनियमवर ओरखडे पडतात. सिलिंडर झिजून किंचित लांबट गोल झाला होता. तो कारखान्यात अर्ध्या मिलिमीटरने मोठा करून, म्हणजे बोअर करून आणला आणि त्याच मापाचा नवा दट्ट्या घेतला. नव्या रिंगा, नवे बेअरिंग, नवे तेलसील.

दट्ट्या आणि सिलिंडर यांच्यात फट किती ठेवायची, हा सगळ्यांत नाजूक प्रश्न. अॅल्युमिनियम तापल्यावर लोखंडापेक्षा जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. ५७ मिलिमीटरचा दट्ट्या १०० अंशांनी तापला, तर त्याचा व्यास सुमारे ०.१२ मिलिमीटरने वाढतो. बिडाचा सिलिंडर तेवढाच तापला, तर तो फक्त ०.०६ मिलिमीटरने मोठा होतो. म्हणजे दर शंभर अंशांना फट ०.०६ मिलिमीटरने, साधारण केसाच्या जाडीने, कमी होते. आणि दट्ट्या तर सिलिंडरपेक्षा नेहमीच जास्त तापलेला असतो. मुळात ही फट मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांएवढीच. ती संपली की तेलाचा थर पुसला जातो आणि धातू धातूला चिकटतो. यालाच इंजिन 'सीझ' होणे म्हणतात. आम्ही सूक्ष्ममापीने तीनदा मोजून फट बरोबर असल्याची खात्री केली.

इंजिनावर काळ्या पत्र्याचे एक आवरणही होते. खाडीच्या हवेने ते इतके कुजले होते, की हातात धरताच त्याचा भुगा झाला. नवे आणायचे, तर सांगाड्याची एक नळी आड येत होती. "काका, पंखा आहे ना? मग झाकणाची काय गरज? उघडे राहिले तर उलट जास्त वारा लागेल." मला ते पटले. तुम्हालाही पटले असते.

मैदानात गाडी सुरू झाली, पोरे मागे धावली. साधारण दहा मिनिटे झाली असतील. आवाज एकदम घुमा झाला, वेग मंदावला आणि मागची चाके घसटत गाडी थांबली. किक खाली जाईना. पुतण्या इंजिनाजवळ वाकला आणि पडेल चेहऱ्याने म्हणाला, "काका, इंजिन पकडलं."

त्याच्या तीन महिन्यांच्या साठवलेल्या पैशांतून आलेला दट्ट्या होता तो.

दोष कुणाचा? आधी पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलावर संशय घेतला. प्रमाण पन्नासास एक होते, बरोबर होते. तेलसील गळत असेल तर जादा हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते आणि इंजिन तापते. पण सील कोरडे आणि धड होते, स्पार्क प्लगचा रंगही तपकिरी होता. मिश्रण पातळ असते तर तो पांढरट दिसला असता. उरले फक्त थंड करण्याचे काम. दट्ट्यावर उभे ओरखडे होते आणि धूर बाहेर पडतो त्या तापट बाजूला ते सर्वांत खोल होते.

पंखा तर जोरात फिरत होता! मग वारा गेला कुठे? याचे उत्तर तुम्ही घरी शोधू शकता. दाट दातांची फणी घ्या. तिच्यामागे पातळ कागदाची पट्टी लोंबत धरा आणि हातभर अंतरावरून फणीवर फुंकर मारा. पट्टी जेमतेम हलते, कारण हवा दातांच्या अरुंद फटींत शिरण्याऐवजी फणीच्या कडेने सुखाने निघून जाते. आता पुठ्ठ्याची चपटी नळी करून फणी तिच्या तोंडाशी घट्ट बसवा आणि दुसऱ्या टोकाने फुंका. हवेला दुसरी वाटच उरली नाही, पट्टी फडफडेल.

फिन म्हणजे ही फणी, आणि तो कुजका पत्रा म्हणजे पुठ्ठ्याची नळी. पंख्याची पाती हवा सगळीकडे उधळतात. तिला वळवून फिनच्या फटींतून जायला भाग पाडतो तो पत्रा. बीटलच्या इंजिनाभोवतीही असेच पत्र्याचे कवच असते, आणि तापलेली हवा पुन्हा पंख्याकडे येऊ नये म्हणून भोवती रबराची पट्टी बसवलेली असते. जुन्या बीटल दुरुस्त करणारे जाणकार त्यातला लहानसा तुकडाही हरवू देत नाहीत.

आम्ही सिलिंडर पुन्हा बोअर केला, पुन्हा नवा दट्ट्या घेतला (या वेळी पैसे मी दिले, पत्रा काढायला मीच मान डोलावली होती). सांगाड्याची आड येणारी नळी कापून बाजूला सरकवली. पुठ्ठ्याचा साचा कापून पत्रेवाल्याकडून आवरण करून घेतले. त्याच्या आणि फिनच्या मध्ये जेमतेम बोट जाईल एवढीच जागा ठेवली. खाडीच्या हवेसाठी जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरला.

या खेपेस नवे इंजिन आधी उघड्या अंगणातच चालवले. बंद खोलीत कधीही चालवू नका. धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. पाच मिनिटे चालवायचे, थंड होऊ द्यायचे, पुन्हा चालवायचे, असे दोन दिवस केले. मग मैदानात अर्धा तास गाडी न थांबता फिरली. पुतण्याने उतरून, आवरणातून हवा बाहेर पडते त्या तोंडापासून वीतभर अंतरावर तळहात धरला आणि झटकन मागे घेतला. भट्टीसमोर धरावा तशी हवा बाहेर येत होती.