राउटरमधला अग्रक्रम का चालत नाही
राउटरमध्ये व्हिडिओ कॉलला अग्रक्रम देऊनही, घरातल्या कुणाचे फोटो क्लाउडवर चढू लागले की आवाज तुटतो. दोष बहुधा अग्रक्रमाच्या यादीत नसून डेटाच्या पाकिटांची रांग कुठे साचते यात असतो. कालव्याचे उदाहरण घ्या: नीरा डाव्या कालव्याचे पाणी बारामती ओलांडून इंदापूरकडे जाते. तिथे पाण्याची पाळी लावायची तर दार पाळी लावणाऱ्याच्या हाती हवे. इथेही तसेच. राउटरची वेगमर्यादा जोडणीहून जास्त असेल, तर रांग कंपनीच्या मोडेममध्ये साचते आणि तिथे राउटरचे काही चालत नाही.

म्हणून अग्रक्रम बंद ठेवून, केबलने जोडलेल्या संगणकावर वेग मोजतात आणि मर्यादा त्याच्या ८५ ते ९५ टक्के ठेवतात. अपलोडची आधी, कारण तोच सहसा अरुंद. मग अग्रक्रम पुन्हा सुरू करून, मोठी फाइल चढवत पिंग पाहावा. २० मिलिसेकंदांचे २०० झाले, तर रांग अजून बाहेरच आहे.

तरीही फरक नसेल, तर ‘हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन’ तपासावे. त्यातून पाकिटे रांगेला वळसा घालतात. ते बंद केल्यावर स्वस्त राउटरचा प्रोसेसर मात्र दमतो. कॉल केबलवर सुरळीत आणि वायफायवर अडखळत असेल, तर अग्रक्रमाला बोल लावण्यात अर्थ नाही. सोय असल्यास हाताने भरलेल्या यादीपेक्षा ‘एफक्यू-कोडेल’ किंवा ‘केक’ ही रांग आपोआप सांभाळणारी पद्धत बरी.