विश्लेषण : इंग्रजी शिकवायला चीनला निघालात? आधी व्हिसावरचे अक्षर पाहा!

‘पदवीधर हवेत. चीनमध्ये इंग्रजी शिकवण्याची नोकरी. राहणे मोफत, अनुभवाची अट नाही, भारतीयही चालतील.’ अशा आशयाच्या जाहिराती आता पुण्या-मुंबईपुरत्या राहिलेल्या नाहीत. सोलापूर-विजयपूर महामार्गावरच्या मंद्रूपसारख्या गावातील तरुणाच्या मोबाइलवरही त्या सहज पोहोचतात. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि कॉलेजात इंग्रजी अशा तीन भाषा वापरणाऱ्या मुलाला चौथी भाषा शिकण्याची भीती वाटत नाही. अडचण असते ती पैशांची. पतसंस्थेचे कर्ज, आईचे सोने किंवा उसाचे बिल यांपैकी कशावर तरी हा प्रवास उभा राहतो. म्हणूनच तिकीट काढण्याआधी चीनचा नियम काय सांगतो, खर्च नेमका कुठे होतो आणि कायदेशीर वाटा कोणत्या, हे समजून घ्यायला हवे.

हा विषय आताच का चर्चेत आला?

करोना आणि गलवाननंतर भारत-चीन थेट विमानसेवा २०२० पासून बंद होती. ती २६ ऑक्टोबर २०२५ रोजी इंडिगोच्या कोलकाता-ग्वांगझू विमानाने पुन्हा सुरू झाली. पाठोपाठ दिल्लीहूनही उड्डाणे सुरू झाली. त्याआधी जुलै २०२५ मध्ये भारताने चिनी नागरिकांना पुन्हा पर्यटन व्हिसा द्यायला सुरुवात केली होती.

त्यातच चीनने १ ऑक्टोबर २०२५ पासून विज्ञान-तंत्रज्ञान क्षेत्रातील तरुण परदेशी पदवीधरांसाठी ‘के’ नावाचा नवा व्हिसा आणला. त्यासाठी चिनी कंपनीच्या निमंत्रणाची अट नाही. त्यामुळे ‘इंजिनीअरला चीनमध्ये थेट प्रवेश’ असा अर्थ अनेकांनी काढला. प्रत्यक्षात हा व्हिसा शिक्षण, संशोधन, सांस्कृतिक देवाणघेवाण आणि उद्योजकता यांसाठी आहे. तो दाखवून शाळेत इंग्रजी शिक्षकाची नोकरी धरता येत नाही.

इंग्रजी शिक्षकासाठी चीनचा नियम काय आहे?

चीनमध्ये परदेशी कामगारांसाठी १ एप्रिल २०१७ पासून देशभर एकच वर्क परमिट पद्धत लागू आहे. त्यात अर्जदारांचे अ, ब आणि क असे तीन गट केले जातात. भाषा शिक्षक साधारणपणे ‘ब’ गटात येतात. त्यांच्यासाठीचा नियम असा : शिक्षकाने आपल्या मातृभाषेचेच अध्यापन करावे, ती भाषा मातृभाषा असलेल्या देशातील किमान पदवी त्याच्याकडे असावी आणि भाषा शिकवण्याचा दोन वर्षांचा अनुभव असावा. शिक्षणशास्त्र किंवा भाषेची पदवी, शिक्षक पात्रता किंवा भाषा अध्यापनाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र असल्यास अनुभवाच्या अटीत सूट मिळू शकते.

इंग्रजीच्या बाबतीत ‘मातृभाषेचा देश’ म्हणून व्यवहारात सात देश धरले जातात. ब्रिटन, आयर्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. या यादीत भारत नाही. उमेदवाराचे इंग्रजी किती चांगले आहे, हा प्रश्न इथे येतच नाही. पहिल्या टप्प्यावर पाहिला जातो तो पासपोर्ट आणि पदवी कुठली आहे ते. त्यामुळे १२० तासांचा ऑनलाइन ‘टेफल’ कोर्स केला की चीनमध्ये नोकरी पक्की, हा दावा भारतीय उमेदवारासाठी फसवा ठरतो. हे प्रमाणपत्र अनुभवाची अट शिथिल करू शकते. पासपोर्टची अडचण त्याने दूर होत नाही.

मग ‘भारतीय चालतील’ असे एजंट का सांगतात?

कारण शाळेत उभे राहणे आणि कायदेशीर नोकरी करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लहान शहरांतील काही खासगी वर्गांना शिक्षक हवे असतात आणि अटीत बसणारा शिक्षक महाग पडतो. अशा वेळी कमी पगारावर येणारा, पण वर्क परमिट नसलेला माणूस त्यांना परवडतो. एजंट त्याला ‘एल’ म्हणजे पर्यटन, ‘एम’ म्हणजे व्यापारी किंवा ‘एक्स’ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर पाठवतो आणि ‘तिथे गेल्यावर बदलून घेऊ’ असे सांगतो.

नोकरीसाठीचा व्हिसा ‘झेड’ हाच आहे. त्याची प्रक्रिया चीनमधील मालकापासून सुरू होते. मालक आधी तुमच्या नावाने वर्क परमिटचे सूचनापत्र मिळवतो. ते पत्र हाती आल्यावर भारतातून झेड व्हिसासाठी अर्ज करायचा असतो. चीनमध्ये उतरल्यावर २४ तासांत पोलिसांकडे राहत्या पत्त्याची नोंद, १५ दिवसांत वर्क परमिटसाठी अर्ज आणि ३० दिवसांत निवास परवान्यासाठी अर्ज, असा क्रम आहे. मालक हे सूचनापत्र देऊ शकत नसेल, तर त्याला तुम्हाला नोकरीवर ठेवण्याचा अधिकारच मिळालेला नाही, असे समजावे.

पकडले गेल्यास काय होते?

चीनचा परदेशी नागरिकांच्या प्रवेश-निर्गमनाचा कायदा १ जुलै २०१३ पासून लागू आहे. परवान्याशिवाय काम करणाऱ्या परदेशी व्यक्तीला ५ हजार ते २० हजार युआन दंड होऊ शकतो. एक युआन साधारण १२ रुपये धरला, तर ही रक्कम ६० हजार ते २ लाख ४० हजार रुपये होते. प्रकरण गंभीर असेल तर दंडाबरोबर ५ ते १५ दिवसांची कोठडीही आहे. मायदेशी परत पाठवले गेल्यास एक ते पाच वर्षे पुन्हा प्रवेश मिळत नाही. हद्दपारीची कारवाई झाल्यास ही बंदी दहा वर्षांची असते.

दंड मालकालाही होतो. बेकायदा ठेवलेल्या प्रत्येक व्यक्तीमागे १० हजार युआन, एकूण कमाल एक लाख युआन. पण मालकाचे दुकान तिथेच राहते. परत येतो तो शिक्षक, आणि त्याचे कर्ज इथे वाट पाहत असते. शिवाय परवाना नसलेल्या माणसाला पगार बुडाला तरी तक्रार करणे अवघड जाते, कारण तक्रार करताना स्वतःचे बेकायदा काम आधी कबूल करावे लागते.

नोकऱ्या पूर्वीइतक्या उरल्या आहेत का?

नाही. चीन सरकारने जुलै २०२१ मध्ये विद्यार्थ्यांवरील गृहपाठ आणि खासगी शिकवण्या यांचा ‘दुहेरी भार’ कमी करण्याचे धोरण जाहीर केले. नववीपर्यंतच्या मुख्य विषयांच्या खासगी शिकवण्यांना नफा कमावण्यास बंदी आली. सुट्ट्यांतील आणि शनिवार-रविवारचे वर्ग बंद झाले. चीनबाहेर राहणाऱ्या परदेशी शिक्षकांकडून ऑनलाइन शिकवणी घेण्यासही मनाई झाली. न्यू ओरिएंटल या बड्या शिकवणी कंपनीच्या संस्थापकांनी आपण ६० हजार कर्मचारी कमी केल्याचे जानेवारी २०२२ मध्ये सांगितले. घरबसल्या चिनी मुलांना इंग्रजी शिकवून डॉलर कमावण्याचा मार्गही याच धोरणाने बंद झाला. त्यामुळे २०१८-१९ मधील कोणाचा अनुभव ऐकून आज निर्णय घेणे धोक्याचे आहे.

कायदेशीर ऑफर असेल तर खर्चाचे गणित कसे मांडायचे?

खर्चाचे तीन टप्पे आहेत. पहिला टप्पा कागदपत्रांचा. ३६ पानी साध्या पासपोर्टचे शुल्क १,५०० रुपये आणि पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटचे ५०० रुपये. सोलापूर जिल्हा पुणे विभागीय पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीत येतो. पदवी प्रमाणपत्राची राज्य सरकारकडून पडताळणी, त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का आणि नंतर चिनी वकिलातीचे प्रमाणीकरण अशी साखळी असते. त्यात पैशांपेक्षा वेळ जास्त जातो. शिवाय वैद्यकीय तपासणी आणि व्हिसाचे शुल्क आहेच. चीनचे महावाणिज्य दूतावास मुंबईत असल्याने रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडून हे काम उरकता येते.

दुसरा टप्पा विमान तिकिटाचा. अनेक शाळा तिकिटाचे पैसे देतात, पण बहुधा करार पूर्ण झाल्यावर. म्हणजे सुरुवातीला ते आपल्याच खिशातून जातात.

तिसरा टप्पा सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत मोठा असतो : पहिले दोन महिने. चिनी शहरांत एक महिन्याचे डिपॉझिट आणि तीन महिन्यांचे भाडे आगाऊ देण्याची पद्धत रूढ आहे. समजा खोलीचे भाडे २ हजार युआन आहे. मग चावी हातात येण्याआधी ८ हजार युआन, म्हणजे जवळपास ९६ हजार रुपये मोजावे लागतील. पहिला पूर्ण पगार मिळेपर्यंतचे खाणे-पिणे आणि प्रवास त्यावर वेगळा. म्हणून बजेट कमी असेल, तर पगाराच्या आकड्यापेक्षा ‘शाळा राहायला घर देते का’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. त्याचे उत्तर करारात लेखी हवे. परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे ठेवावेत आणि त्यांना हात लावू नये.

रोजचे व्यवहार मुख्यतः अलीपे आणि वीचॅटवर चालतात. परदेशी कार्ड या ॲपना जोडता येते. गुगल आणि व्हॉट्सॲप तिथे बंद आहेत. घरच्यांशी बोलायची सोय निघण्याआधीच ठरवावी.

ऑफर खरी की खोटी, कसे ओळखावे?

परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या भारतीय एजंटने १९८३ च्या एमिग्रेशन कायद्यानुसार नोंदणी केलेली असावी लागते. नोंदणीकृत एजंटची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर पाहता येते. त्याला उमेदवाराकडून घेता येणारे सेवाशुल्क जास्तीत जास्त ३० हजार रुपये अधिक जीएसटी इतकेच आहे. दोन-तीन लाख मागणारा एजंट इथेच उघडा पडतो. याशिवाय काही खुणा लक्षात ठेवाव्यात :

• करारावर शाळेचे चिनी नाव, पत्ता आणि अधिकृत शिक्का आहे का?

• पगार, तास, सुट्टी, घर आणि करार मोडल्यास होणारा दंड लेखी आहे का?

• करारातील मालक आणि वर्क परमिटच्या सूचनापत्रावरील मालक एकच आहे का? परवाना एका संस्थेचा आणि काम दुसरीकडे, हेही बेकायदाच आहे.

• मूळ पासपोर्ट किंवा मूळ पदवी प्रमाणपत्र ‘जमा’ करायला सांगितले जाते का? तसे असेल तर तिथेच थांबावे.

• प्रवास थायलंड किंवा अन्य देशामार्गे ‘काही दिवस थांबून’ होणार आहे का? नोकरीच्या आमिषाने बोलावून म्यानमारमधील सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर कामाला जुंपलेल्या ५४९ भारतीयांना मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले होते.

भारतीयांसाठी कायदेशीर वाटा कोणत्या?

पहिली वाट विषय शिक्षकाची. चीनमधील आंतरराष्ट्रीय शाळांत गणित, भौतिकशास्त्र, संगणक असे विषय इंग्रजी माध्यमातून शिकवले जातात. इथे मातृभाषेची अट येत नाही. संबंधित पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव पाहिला जातो. बीएस्सी किंवा इंजिनीअरिंगनंतर बीएड करून पुण्या-मुंबईतील केंब्रिज किंवा आयबी अभ्यासक्रमाच्या शाळेत दोन वर्षे काढली, तर अर्जाला वजन येते. गावातून निघाल्यापासून तीन-चार वर्षांचा हा रस्ता आहे, पण तेवढा काळ कमाई आणि अनुभव दोन्ही आपल्याच देशात होतात.

दुसरी वाट योगाची. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार जून २०११ मध्ये, वयाच्या ९२ व्या वर्षी, पुण्याहून चीनला गेले तेव्हा तिथे त्यांच्या पद्धतीचे अनेक साधक होते. २०१५ मध्ये कुनमिंगच्या युनान मिन्झू विद्यापीठात भारत-चीन योग महाविद्यालय सुरू झाले. चीनच्या शहरांत अनेक भारतीय योगशिक्षक काम करतात. अर्थात त्यांनाही झेड व्हिसा आणि वर्क परमिट लागतेच.

तिसरी वाट शिक्षणाची. चीन सरकारच्या शिष्यवृत्तीत शुल्क, राहणे आणि मासिक भत्ता यांचा समावेश असू शकतो. आधी चिनी भाषा शिकून ‘एचएसके’ परीक्षा दिली, तर शिष्यवृत्तीच नव्हे, भारतातच दुभाषी आणि व्यापारी कंपन्यांतील कामेही खुली होतात. विद्यार्थी व्हिसावर मात्र पूर्णवेळ नोकरी करता येत नाही.

सोलापूरचा चीनशी असलेला जुना धागा

सोलापुरातून चीनला गेलेल्यांमध्ये सर्वांत मोठे नाव डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेले कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले. तिथे ते चिनी भाषा शिकले, बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि चिनी विद्यार्थ्यांना वैद्यकीय शिक्षणही दिले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी, त्यांचे तिथेच निधन झाले. त्यांचे स्मारक सोलापुरात आहे.

कोटणीस यांच्या पाठीशी रीतसर निमंत्रण होते, हातात पदवी होती आणि तिथल्या लोकांची भाषा शिकण्याची तयारी होती. आज मंद्रूपहून निघणाऱ्या तरुणालाही याच तीन गोष्टी लागतील. त्यातील निमंत्रण म्हणजे वर्क परमिटचे सूचनापत्र. ते हाती येईपर्यंत एजंटला पैसे देऊ नयेत, नोकरी सोडू नये आणि घरातले सोने गहाण ठेवू नये.