पोहण्याच्या हौदाचा तळ दिसतो का?

यावल तालुक्यातील एका वाचकांचे पत्र आले आहे. केळीच्या मळ्यात घरापुढे त्यांनी नातवंडांसाठी पोहण्याचा हौद बांधला. पाणी आठ दिवसांत हिरवे होते. टीसीएल पावडर टाकली की एखादा दिवस बरे दिसते, मग पुन्हा तेच. आखाजीला लेकी मुलाबाळांसह माहेरी येतील, तोवर काय करावे, असा त्यांचा प्रश्न आहे. असे हौद जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांतील मळ्यांत आता दिसू लागले आहेत, म्हणून उत्तर इथेच देतो.

आधी तळाविषयी. काठावर उभे राहून हौदाचा तळ स्वच्छ दिसत नसेल तर त्यात कोणीही उतरू नये. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही, ते गुपचूप खाली जाते. हिरव्या पाण्यात ते दोन हातांवर असले तरी दिसत नाही. सर्वांत खोल जागी एक काळी फरशी टाकून ठेवावी. तिच्या कडा काठावरून स्पष्ट दिसल्या तरच मुलांना परवानगी. पाणी स्वच्छ असले तरीही पोहता येणारे मोठे माणूस काठावर हवेच.

शेवाळाने स्वतः सहसा आजार होत नाही. पण शेवाळ वाढले याचा अर्थ पाण्यातील क्लोरीन संपले, आणि जिथे शेवाळ जगते तिथे कान फुटण्याचे, जुलाबाचे जंतूही सुखाने जगतात.

मग पावडर टाकूनही क्लोरीन का टिकत नाही? आपल्याकडे कारणे तीन. पहिले ऊन. उघड्या हौदातील क्लोरीन भर उन्हात तासाभरात निम्म्याच्या आसपास उडून जाते. सकाळी पावडर टाकून दुपारी मुले उतरवली, तर ती जवळजवळ साध्याच पाण्यात पोहतात. दुसरे कारण जुनी पावडर. ताज्या पावडरीत ३० टक्क्यांच्या पुढे क्लोरीन असते, पण तोंड उघडे राहिलेले पोते खान्देशच्या मे महिन्यात भराभर निकामी होते. मागे उरतो तो चुना.

तिसरे कारण सामू, आणि माझ्या मते खरी गोम इथेच आहे. हा शब्द शेतकऱ्यांना माती परीक्षणाच्या कागदावरून ठाऊक आहे. पोहण्याच्या पाण्याचा सामू ७.२ ते ७.८ असावा. सामू ७.५ असेल तर क्लोरीनचा साधारण निम्मा भाग जंतू मारण्याच्या कामी येतो, ८.५ झाला की जेमतेम दहावा हिस्सा. आपल्या बोअरचे क्षारयुक्त पाणी बहुधा ८ च्या आसपास किंवा वरच असते आणि टीसीएल पावडर तो आणखी चढवते. म्हणजे जितकी पावडर ओतावी तितकी ती लुळी पडते. सामू पाहण्याच्या कागदी पट्ट्या स्वस्त मिळतात. क्लोरीनसाठी ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी जी ओटी टेस्ट करतो, तीच घरीही करता येते.

आता प्रत्यक्ष कृती. २० फूट लांब, १० फूट रुंद आणि ४ फूट पाणी असलेल्या हौदात सुमारे २२,६०० लिटर पाणी मावते. टंचाईच्या दिवसांत ते सोडून देऊन नवे भरणे परवडणारे नाही आणि त्याची गरजही नाही. आधी पालापाचोळा जाळीने काढावा. भिंती व पायऱ्या ताठ ब्रशने घासाव्यात, कारण चिकटलेल्या शेवाळाच्या आत क्लोरीन शिरत नाही. मग सामू तपासून उतरवावा. त्यासाठी ॲसिड वापरायचे तर जाणत्या माणसाकडूनच, हातमोजे व चष्मा घालून, थोडे थोडे आणि दर वेळी पुन्हा मोजून. ॲसिड पाण्यात ओतावे, ॲसिडवर पाणी कधीच नाही. पावडर दुसऱ्या दिवशी सूर्य मावळल्यावर टाकावी. एवढ्या हौदाला हिरवे पाणी मारण्यासाठी ताजी पावडर पाऊण किलो लागते. प्लॅस्टिकच्या बादलीभर पाण्यात ती कालवून अर्धा तास ठेवावी, वरची निवळ हौदात सर्वत्र ओतावी, खालचा चुना टाकून द्यावा. पंप रात्रभर चालू ठेवावा.

सकाळी पाणी हिरव्याचे पांढुरके झालेले दिसले की समजावे, शेवाळ मेले. तसे झाले नाही तर संध्याकाळी पुन्हा तोच डोस. नंतर किलोभर तुरटी विरघळवून सगळीकडे फिरवावी आणि पंप बंद करून रात्रभर हौद हलवू नये. तळाशी बसलेला गाळ नळीने बाहेर ओढून घ्यावा. तुरटीने सामूही थोडा उतरतो, हा आपला फायदाच. क्लोरीन ३ च्या खाली आले की पोहायला हरकत नाही. पुढे ते १ ते ३ च्या दरम्यान राहील इतकी पावडर रोज संध्याकाळी द्यावी. या हौदाला १ ने वाढवायला ७५ ग्रॅम पुरते.

फवारणीचे मोरचूद घरात असतेच, म्हणून ते टाकण्याचा मोह होतो. त्याने शेवाळ मरते, पाणी छान निळसर दिसते, पण रोगजंतूंचा भरवशाचा बंदोबस्त होत नाही. नुसती दिशाभूल.

उग्र वास आला आणि डोळे चुरचुरले की लोक म्हणतात, क्लोरीन जास्त झाले. बहुधा उलट असते. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन तो वास येतो. उतरण्यापूर्वी दोन तांबे अंगावर घ्यायला लावा, आणि जुलाब झालेल्या मुलाला बरे झाल्यावरही दोन आठवडे हौदात सोडू नका. त्यातले काही जंतू क्लोरीनला दाद देत नाहीत.

कोमट, क्लोरीन नसलेल्या पाण्यात एक अमीबा वाढतो. तो पिण्यातून नव्हे, नाकातून मेंदूपर्यंत जातो. आजार अगदी दुर्मिळ, पण बहुतेक वेळा प्राणघातक. केरळात २०२४ च्या मे ते जुलै या काळात तीन मुले त्याने दगावली, २०२५ मध्ये रुग्ण आणखी वाढले. पोहल्यानंतर बारा दिवसांच्या आत मुलाला ताप, असह्य डोकेदुखी, उलट्या किंवा मान ताठ होणे असे काही झाले तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे आणि मूल कोणत्या पाण्यात पोहले होते, ते डॉक्टरांना आपणहून सांगावे.

राहिली साठवण. पावडर आणि ॲसिड एका खोलीत ठेवू नये, एकाच बादलीत तर मुळीच कालवू नये. दोन्ही एकत्र आली की विषारी वायू सुटतो. पावडर झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात, सावलीत आणि मुलांचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर असावी.