पहिली क्लिपलेस पेडल, पहिले एमटीबी बूट: पाय अडकवण्याआधी सोडवायचं बघा

(पॉडकास्टच्या या भागाचं हे शब्दांकन. बोलताना फुटलेले फाटे छाटलेत, वाचायला सोपं जावं म्हणून मधे मथळे घातलेत. भाषा मात्र बोलण्यातलीच ठेवली आहे.)

आजचा भाग एका श्रोत्यांच्या ईमेलवरून सुचला. वय ४६. दोन वर्षं माउंटन बाइक चालवतायत, साध्या पेडलवर, रनिंगचे बूट घालून. पावसाळा संपला की ग्रुपबरोबर मावळातल्या कच्च्या वाटांवर जायचंय. ग्रुपमधले बाकी सगळे क्लिपलेसवाले. यांचं मनगट पूर्वी एकदा मोडलेलं आहे, त्यामुळे पाय पेडलला अडकवून घ्यायच्या कल्पनेनेच पोटात गोळा येतो. पण खडकाळ उतारावर पाय पेडलवरून उडतात, ती भीती आहेच. शिवाय दुकानदार म्हणतोय, घ्यायचंच तर एकदम वरचं मॉडेल घ्या. आता काय करायचं?

प्रश्न एकट्याचा नाही, म्हणून सविस्तर बोलू. आजच्या भागातली एक गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: पहिला सेट निवडताना पाय किती घट्ट बसतो ते नंतर बघा. आधी बघायचं, पाय किती सहज सुटतो आणि उतरल्यावर त्या बुटांत चालता येतं का.

नावाचा घोळ आधी मिटवू

क्लिपलेस म्हणजे क्लिप नसलेलं. मग आपण "क्लिप इन" कसं करतो? गंमत अशी की पूर्वी पेडलच्या पुढे लोखंडी पिंजरा असायचा आणि त्याला चामड्याचा पट्टा. त्या पिंजऱ्याला म्हणायचे टो क्लिप. पाय काढायचा तर हात खाली नेऊन पट्टा सैल करायचा. १९८४ मध्ये लुक या फ्रेंच कंपनीने पट्टा काढून टाकणारी पेडल बाजारात आणली. ही कंपनी स्कीच्या बाइंडिंग बनवायची; पडलात तर पाय आपोआप सुटला पाहिजे, ही कल्पना तिथूनच आली. १९८५ ची टूर द फ्रान्स बर्नार्ड इनोने याच पेडलवर जिंकली. पिंजरा गेला, म्हणून "क्लिपलेस".

पण लुकची क्लीट, म्हणजे बुटाच्या तळाला लावायचा तुकडा, मोठी होती आणि बाहेर आलेली. रस्त्यावर ठीक, डोंगरात चालणार कसं? १९९० मध्ये शिमानोने एसपीडी आणली. क्लीट छोटी, धातूची, दोन बोल्टवर बसणारी आणि बुटाच्या सोलमध्ये खोलगट जागेत लपणारी. माउंटन बाइकवाला सायकलवरून उतरून चालणार हे गृहीत धरूनच हे डिझाइन केलंय.

म्हणून खरेदीचा पहिला नियम: एमटीबीला दोन बोल्टवाले बूट. तीन भोकांचे बूट रोड सायकलचे. ऑनलाइन सेलमध्ये फोटो बघून भुलू नका, तळाचा फोटो शोधा आणि भोकं मोजा.

ताकद वाढते का? आणि मग घ्यायचं कशाला?

"पाय वर ओढून पण पेडल मारता येतं, चढ सोपा होतो," हे तुम्ही हमखास ऐकलं असेल. प्रयोगशाळेत मोजून पाहिलंय लोकांनी. एका ठरावीक वेगाने सायकल मारताना मुद्दाम पाय वर ओढला, तर शक्ती वाचत नाही, उलट प्राणवायू जास्त खर्च होतो. तेव्हा चढ सोपा होईल म्हणून घेत असाल तर थांबा.

खरा फायदा वेगळा आहे. दगडगोट्यांवर सायकल आदळते तेव्हा पाय जिथे आहे तिथेच राहतो. दर दहा सेकंदांनी पाय सरकवून जागेवर आणावा लागत नाही, आणि पेडल नडगीवर आपटत नाही. आपल्या श्रोत्यांचे पाय उतारावर उडतायत, म्हणजे त्यांचं कारण योग्य आहे.

पण साधी पेडल म्हणजे कमीपणा, असं अजिबात नाही. ऑस्ट्रेलियाचा सॅम हिल २०१७, २०१८ आणि २०१९ अशी सलग तीन वर्षं एन्ड्युरो वर्ल्ड सिरीज जिंकला, फ्लॅट पेडलवर. रनिंगच्या बुटांची मऊ टाच आणि गुळगुळीत प्लॅस्टिकचं पेडल ही जोडी घसरणारच. पिन असलेली रुंद पेडल आणि सपाट, चिकट रबराच्या तळाचे बूट घेतले तर अर्धा त्रास तिथेच संपतो. भीती फारच असेल तर हाही पूर्ण मानाचा पर्याय आहे.

आधी बूट, मग पेडल

बरेच जण उलटं करतात. पेडलवर पैसे उधळतात आणि उरलेल्यात जे मिळतील ते बूट. जरा हिशोब करा. शिमानोच्या साध्या पीडी-एम५२० पेडलच्या जोडीचं वजन आहे ३८० ग्रॅम. सगळ्यात वरच्या एक्सटीआर रेस पेडलचं साधारण ३१० ग्रॅम. फरक ७० ग्रॅम! एका कटिंग चहाएवढा. किमतीतला फरक मात्र काही पट. आणि बूट चुकले तर प्रत्येक राइडला पाय दुखणार. पैसे मोजकेच असतील तर बुटांत घाला.

बूट बघताना काय बघायचं?

पहिलं, माप. संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. राइडला घालता तेच मोजे घाला. बोटं आत हलली पाहिजेत, पण टाच उचलली जाता कामा नये. क्लीट सोडवताना आपण टाच बाहेर फिरवतो. टाच बुटातच फिरली तर बूट मागे राहतो आणि पाय सुटायला उशीर होतो. म्हणजे ढिला बूट हा नुसता आरामाचा प्रश्न नाही. चवडा रुंद असेल तर एक नंबर मोठा घेऊन काम भागवू नका, रुंद मापाचं मॉडेल शोधा. काही कंपन्या तसे बूट बनवतात.

दुसरं, सोल किती कडक. टाच आणि पुढचं टोक धरून वाकवून बघा. मधे वाकायला नको, बोटांजवळ थोडं वाकावं. रेसचे कार्बन सोलवाले बूट अजिबात वाकत नाहीत. ते घालून खडकावरून सायकल खांद्यावर घेऊन चढायची म्हणजे काचेवर चालल्यासारखं. सह्याद्रीतल्या वाटांवर ढकलणं आणि उचलणं ठरलेलंच असतं, तेव्हा मध्यम कडक सोल घ्या.

तिसरं, रबर. तळाला सलग, चांगल्या खाचांचं रबर हवं. पुढे स्टड लावायची सोय असते. चिखलाच्या चढाला ते बरे, ओल्या कातळावर मात्र घसरतात. दुकानात फरशीवर चालून बघा, जमलं तर जिना चढून बघा.

चौथं, बंद करायची पद्धत. लेस, वेल्क्रो, फिरकीची बकल, काहीही चालेल. लेस असेल तर तिचं टोक चेनमध्ये जाणार नाही अशी खोचायची सोय बघा. पावसात वापरणार असाल तर पाणी बाहेर पडणारी जाळी हवी. भिजलेले बूट वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत वाळवा. गॅसजवळ ठेवलेत तर सोलचा गोंद सुटतो.

आता पेडल

दोन बोल्टच्या बुटाला बहुतेक सगळ्या एमटीबी पेडलच्या क्लीट बसतात. पण एका कंपनीची क्लीट दुसऱ्या कंपनीच्या पेडलमध्ये बसेलच असं नाही. शिमानोची क्लीट क्रँकब्रदर्समध्ये जात नाही. त्यामुळे पेडलसोबत आलेलीच क्लीट वापरा.

शिमानोच्या एसपीडीत स्प्रिंग कमीजास्त करता येते, हा नवशिक्यासाठी मोठा फायदा. ३ मिमी ॲलन की लागते. पेडल दोन्ही बाजूंनी वापरता येतं, म्हणजे एका पेडलला दोन स्क्रू, जोडीला चार. लोक वरचे दोन सैल करतात आणि खालचे विसरतात, मग पाय कधी पटकन सुटतो, कधी अडकतो. चारही पूर्ण सैल करून सुरुवात करा.

क्रँकब्रदर्सची पेडल उघडी, चार बाजूंनी पाय बसणारी. चिखल आत साठत नाही. आपल्याकडची काळी चिकण माती ज्यांनी चाकाला चिकटलेली बघितलीय त्यांना याचं महत्त्व कळेल. पण यात स्प्रिंग सैल करता येत नाही. त्यांच्या नेहमीच्या क्लीट डाव्या-उजव्या बुटात अदलाबदल केल्या की सुटण्याचा कोन १५ किंवा २० अंश होतो, इतकंच. नवशिक्याने १५ अंश ठेवावा.

आकाराचं काय? उघडं छोटं पेडल हलकं असतं. भोवती चौकट असलेल्या ट्रेल पेडलवर पाय अडकला नाही तरी टेकवता येतो. अवघड जागी आधी टेकवून पुढे जाता येतं, नंतर अडकवायचं. पहिल्या सेटला मी चौकटवालं सुचवेन. एका बाजूला फ्लॅट, दुसऱ्या बाजूला एसपीडी अशीही मिळतात. ऑफिसला जाण्यायेण्यासाठी मस्त, पण खडबडीत वाटेवर बरोबर बाजू पायाने शोधत बसावी लागते.

छोटा तुकडा, मोठं काम

आता सगळ्यात महत्त्वाचं. शिमानोच्या दोन क्लीट बघू. एसएच५१ टाच बाजूला फिरवली की सुटते. एसएच५६ बाजूला तर सुटतेच, पण घाबरून पाय तिरका वर ओढला तरी सुटते. पडायची भीती असेल तर ५६ घ्या. तिची एक किंमत आहे: चढावर जोरात पाय ओढला तर नको तेव्हाही सुटू शकते. सवय झाली की ५१ वर जा. बऱ्याच पेडलसोबत ५१ येते, तेव्हा खोक्यावर काय लिहिलंय ते बघा आणि लागली तर ५६ वेगळी मागून घ्या.

क्लीट बसवताना ती चवड्याच्या हाडांखाली, किंवा किंचित मागे ठेवा. मागे घेतली की उतारावर पाय स्थिर वाटतो. तुमचा पाय चालताना जरा बाहेर वळत असेल तर क्लीटही तसाच कोन धरून लावा. बळजबरीने सरळ केलेला पाय गुडघ्यातून तक्रार करतो. नवीन सेटनंतर गुडघ्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला दुखू लागलं तर आधी क्लीटचा कोन तपासा. दुखणं तसंच राहिलं तर सायकल बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

बोल्टना थोडं ग्रीस लावून घट्ट आवळा, आणि पहिल्या राइडनंतर परत तपासा. हे का सांगतोय? दोनपैकी एक बोल्ट गळाला तर क्लीट बुटावर गोल फिरते. तुम्ही टाच फिरवता, क्लीट तिथेच, पाय सुटत नाही. अशा वेळी बुटाची लेस सोडून पाय बाहेर काढावा लागतो. दर राइडआधी बोल्टवर एकदा ॲलन की फिरवा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

आणखी एक. काही बुटांचं रबर इतकं जाड असतं की ते पेडलच्या चौकटीला टेकतं आणि क्लीट नीट बसतच नाही. दोष तुमच्या पायाचा नसतो. क्लीटखाली पातळ पत्रा घालून ती थोडी बाहेर आणता येते. म्हणून बूट आणि पेडल दुकानातच एकत्र लावून बघा.

पेडल घरी लावत असाल तर: उजव्याचे आटे नेहमीचे, डाव्याचे उलटे. पाना वर धरून पुढच्या चाकाकडे फिरवला की दोन्ही घट्ट होतात. एवढं लक्षात ठेवा, क्रँकचे आटे वाचतील.

पहिले पंधरा दिवस

भिंतीला हात टेकवून सायकलवर बसा. प्रत्येक पाय तीस वेळा अडकवा, तीस वेळा सोडवा. टाच बाहेर फिरवायची, पाय वर ओढायचा नाही. मग गवताच्या मैदानावर हळू फिरा, थांबायच्या आधी पाय सोडवा. आधी सोडवायचं, मग ब्रेक, हा क्रम अंगात मुरू द्या. नवशिक्याचं ठरलेलं पडणं वेगात नसतं, सिग्नलला असतं: सायकल थांबली, पाय अडकलेला, आणि माणूस झाड पडावं तसा बाजूला. पडताना हात पुढे जातो, म्हणून हातमोजे घाला. उतारावर थांबाल तेव्हा डोंगराच्या बाजूचा पाय सोडवा, दरीच्या बाजूचा नाही.

तर आपल्या श्रोत्यांसाठी माझा सल्ला: मध्यम सोलचे, चालता येणारे दोन बोल्टचे बूट. चौकटवालं साधं एसपीडी पेडल, चारही स्क्रू सैल, एसएच५६ क्लीट. निदान तीन आठवडे मैदानावर आणि ओळखीच्या सोप्या वाटेवर. जुनी पेडल फेकू नका. मावळात जायच्या आदल्या आठवड्यात न विचार करता पाय सुटत नसेल, तर ती परत लावा आणि खुशाल जा. ग्रुपमध्ये कोणी हसलं तर सॅम हिलचं नाव सांगा.

प्रश्न पाठवत राहा. पुढच्या भागात भेटूच!