चल, संगणकीय

संगणकाच्या स्मृतीतील ज्या जागेस नाव दिलेले असते व जीमधील मूल्य आज्ञावली चालू असताना बदलता येते, तिला ‘चल’ म्हणतात. चलास मूल्य देण्याच्या क्रियेस ‘मूल्यनियोजन’ आणि आज्ञावलीच्या ज्या भागात त्याचे नाव ओळखले जाते त्या भागास चलाची ‘व्याप्ती’ म्हणतात.

मूल्यनियोजन : क = क + १ हे समीकरण गणितात असंभाव्य होय; फोर्ट्रान (१९५७) या भाषेत मात्र अशी आज्ञा वैध असते. क मधील मूल्य घेऊन त्यात १ मिळवावा व बेरीज पुन्हा क मध्ये ठेवावी, असा तिचा अर्थ असून त्यामुळे जुने मूल्य पुसले जाते. समीकरणाशी होणारी ही गल्लत टाळण्यासाठी अल्गॉल भाषेत := हे निराळे चिन्ह योजण्यात आले.

व्याप्ती : अल्गॉल ६० या भाषेत आज्ञावलीचे खंड पाडता येतात. खंडात घोषित केलेला चल ‘स्थानिक’ असतो. खंडाबाहेर त्याचे नाव ओळखले जात नाही. बाहेरच्या चलाचेच नाव आतील चलास दिल्यास आतल्या खंडापुरता बाहेरचा चल झाकला जातो. सर्व भागांस उपलब्ध असणाऱ्या चलास ‘सार्वत्रिक’ म्हणतात.

या भेदाचे महत्त्व कारखान्यात विशेष जाणवते. अंबरनाथ (जि. ठाणे) येथील औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत. अशा एखाद्या कारखान्यात दोन रिॲक्टर एकाच पीएलसी नियंत्रकावर चालतात असे समजू. पहिल्याची तापमर्यादा ८०° से. व दुसऱ्याची १२०° से. असून दोन्ही भागांनी ‘मर्यादा’ हा एकच सार्वत्रिक चल वापरला, तर दुसऱ्या भागातील मर्यादा := १२० ही आज्ञा पहिल्याचीही मर्यादा बदलते आणि ८०° से.ला बंद व्हावयाची उष्णता चालूच राहते. प्रत्येक भागात चल स्थानिक ठेवल्यास हा धोका उरत नाही. अशा नियंत्रकांच्या भाषांविषयीच्या आयईसी ६११३१–३ या मानकात (१९९३) स्थानिक व सार्वत्रिक चलांची घोषणा वेगवेगळी करावी लागते.

थेरॅक–२५ या किरणोपचार यंत्राकडून १९८५–८७ या काळात सहा रुग्णांना अतिमात्रा मिळाली व त्यांतील काही दगावले. त्यांपैकी १९८७ च्या अपघाताचे कारण एका सामाईक चलात आढळले. तो शून्य नसल्यास यंत्रभागांची जागा तपासावयाची, असा संकेत होता. त्यास ठरीव मूल्य देण्याऐवजी दर फेरीत त्यात १ मिळविला जाई. ० ते २५५ एवढीच मूल्ये त्यात मावत असल्याने दर २५६ व्या फेरीस तो शून्य होई व तपासणी टळे. पुढे मिळवणीच्या जागी ठरीव अशून्य मूल्य ठेवण्यात आले.

भाषाभेद : व्याप्तीचे नियम सर्व भाषांत सारखे नसतात. पायथॉनमध्ये फलनाच्या आत एखाद्या नावास मूल्य दिल्यास, वेगळी घोषणा नसेल तर, ते नाव त्या संपूर्ण फलनात स्थानिक ठरते. जावास्क्रिप्टमध्ये याउलट घोषणेवाचून मूल्य दिलेले नाव सार्वत्रिक होते; २००९ च्या मानकातील कडक पद्धतीत मात्र ती चूक मानली जाते. म्हणून चल वापरावयाच्या जागेच्या शक्य तितक्या जवळ घोषित करणे आणि त्यास मूल्य देण्याचा अधिकार एकाच भागाकडे ठेवणे इष्ट असते.