चहा कोणता घ्यावा, कुठून घ्यावा आणि कधी प्यावा

दारात कोणी 'जयभीम' म्हणत आलं की आपल्याकडे आधी पाण्याचा तांब्या येतो आणि मागोमाग गॅसवर पातेलं चढतं. घरात दूध नसेल तर शेजारून अर्धा कप आणतील, पण पाहुण्याला तसंच पाठवणार नाहीत. ही नुसती हौस नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी गावच्या हॉटेलाबाहेर उभं राहून, आपल्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या कान तुटक्या कपातून चहा प्यायला आणि तो कप स्वतःच विसळून परत जागेवर ठेवला. संविधानाच्या पंधराव्या कलमात दुकानं आणि उपाहारगृहं यांचा मुद्दाम उल्लेख आहे, तो अशाच अनुभवांमुळे. तेव्हा चहा वाईट, चहा सोडा, असं सांगायला आम्ही हे पान लिहीत नाही. आम्ही स्वतः दिवसाला तीन कप पितो.

पण गेल्या पावसाळ्यात वस्तीतल्या विहारात बायकांचं हिमोग्लोबिन तपासलं गेलं, तेव्हा बऱ्याच जणींचं कमी निघालं. एका ताईंचं साडेआठ होतं. त्या पहाटे उठून घरचा स्वयंपाक करतात आणि सहाला घरकामाला निघतात. निघताना चहा आणि दोन टोस्ट. पहिल्या घरी भांडी झाली की चहा. दुपारी घरी येऊन भाकरी-भाजी, आणि जेवण झालं की लगेच चहा. आशाताईंनी दिलेली लोहाची लाल गोळी त्या न चुकता घेत होत्या, सहा महिने. "मग वाढत का नाही?" असं त्या विचारत होत्या. गोळीने मळमळतं म्हणून ती त्या चहाच्या घोटाबरोबरच गिळत होत्या, हे तपासायला आलेल्या डॉक्टरबाईंनी विचारल्यावर कळलं.

चहात टॅनिन नावाचा तुरट पदार्थ असतो. जास्त उकळलेल्या चहाने जीभ आखडल्यासारखी होते ती त्यामुळेच. हे टॅनिन पोटात अन्नातल्या लोहाला धरून बसतं आणि ते रक्तात जाऊ देत नाही. डाळ, पालेभाजी, बाजरी, नाचणी यांतलं लोह मुळातच शरीराला कमी प्रमाणात घेता येतं. त्यावर जेवणासोबत चहा प्यायला तर त्यातलंही निम्म्याहून अधिक वाया जाऊ शकतं. दूध घातलं म्हणून ही अडचण टळत नाही. मटण, कलेजी, मासे यांतलं लोह चहाने तितकं अडत नाही, पण ते आपल्या ताटात रोज कुठे असतं? महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांमागे ५४ जणींना रक्ताची कमतरता आहे, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. त्याचं सगळं खापर चहावर फोडता येणार नाही. अपुरं अन्न, जंत, पाळीत जास्त जाणारं रक्त, लागोपाठची बाळंतपणं ही कारणं मोठी आहेत. पण चहाची वेळ बदलायला पैसा लागत नाही, हा त्यातला फरक.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा सल्ला असा आहे की जेवणाआधी एक तास आणि जेवणानंतर एक तास चहा-कॉफी घेऊ नये. लोहाची गोळी पाण्यासोबत घ्यावी, लिंबू पिळलेलं पाणी असेल तर आणखी चांगलं, कारण लिंबू, आवळा, पेरू यांतलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. मळमळ होत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी रात्री जेवणानंतर घेता येते. चहासोबत मात्र नको. त्या ताईंनी एवढंच केलं. दुपारचा चहा चार वाजता नेला, भाकरीबरोबर लिंबाची फोड ठेवली, गोळी रात्री पाण्याने. अडीच महिन्यांनी पुन्हा तपासलं तर दहाच्या पुढे गेलं होतं. थायरॉइडच्या गोळीचंही असंच आहे: ती सकाळी उपाशीपोटी पाण्याने घ्यायची आणि चहाला निदान अर्धा-पाऊण तास थांबायचं.

आणखी एक गोष्ट बायकांनीच लक्षात घ्यावी. चहाने भूक मरते. सकाळी दोनदा चहा झाला की अकरापर्यंत काही खायची आठवण होत नाही, आणि घरातली बाई तर तसंही सगळ्यांचं झाल्यावरच जेवते. रात्रीची अर्धी भाकरी, मूठभर शेंगदाणे, काहीही चालेल, पण चहाला नाश्ता म्हणू नका. लहान मुलांना तर चहा-पोळी देणं बंदच करावं. बशीत ओतून दिलेला तो गोड चहा पिऊन मूल शांत होतं खरं, पण त्याच्या वाट्याचं दूध आणि त्याची भूक, दोन्ही जातात.

साखरेचं गणित प्रत्येकाने आपल्या घरी करून पाहावं. एका कपाला दोन चमचे, म्हणजे साधारण दहा ग्रॅम. चार कप झाले की चाळीस ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास राहिली तर उत्तम. गुळाचा चहा हल्ली जागोजागी मिळतो आणि मधुमेहाची माणसं तो निर्धास्त पितात. गूळ हीसुद्धा साखरच. गुळात लोह असतं म्हणावं तर ते चहातच घातल्यावर त्याचं काय होणार, हे वर सांगितलंच आहे. विहारात ग्रंथवाचन संपल्यावर मोठ्या पातेल्यात चहा होतो, तिथे आम्ही साखर आधी निम्मीच टाकतो आणि बाजूला वाटीत ठेवतो. पहिल्या रविवारी लोक कुरकुरले. आता वाटीतली साखर उरते.

आता खरेदीकडे. बाजारात नावं शंभर असली तरी काळा, हिरवा, पांढरा असे सगळे चहा एकाच झाडाच्या पानांचे. पानं तोडल्यावर ती किती आंबू दिली, यावर रंग आणि चव ठरते. आपण रोज पितो तो दाणेदार चहा आसामच्या मळ्यांत १९३० च्या सुमारास निघालेल्या एका यंत्राची देणगी. दातेरी रुळांमधून पान चिरडून, फाडून, गोळा करून त्याचे दाणे करतात. दाणा झटपट रंग सोडतो, कमी चहात जास्त कप होतात, आणि म्हणूनच चहा गिरणी कामगाराच्या आणि हमालाच्या खिशाला परवडू लागला. (ज्या मळ्यांतून तो येतो, तिथे पानं खुडणाऱ्यांत बहुतांश छोटा नागपूर आणि आसपासच्या भागातून पूर्वी नेलेल्या आदिवासींचे वंशज आहेत, हेही कप हातात घेताना आठवावं.)

दुकानदाराकडे दाणेदार चहाला 'ममरी' असंही म्हणतात. त्याहून बारीक ती 'डस्ट'. डस्ट म्हणजे कचरा असा अनेकांचा समज आहे, तो चुकीचा. चाळणीतून खाली उतरणारे सर्वांत बारीक कण ते. रंग लवकर आणि कडक, म्हणून टपरीवाले तीच वापरतात. घरी दुधाचा चहा करायचा तर आसामचा दाणेदार आणि थोडी डस्ट हे मिश्रण आम्हाला सर्वांत आवडतं. नीलगिरीचा चहा जरा हलका आणि सुवासिक, कोरा किंवा लिंबू घालून छान लागतो. दार्जिलिंगची पत्ती महाग. देशातलं पहिलं भौगोलिक मानांकन तिलाच मिळालं. पण ती दूध-आलं घालून उकळली तर पैसे पातेल्यातच गेले समजा. ज्यांना कोरा चहा आवडतो त्यांनीच घ्यावी, तीही शंभर ग्रॅम. ग्रीन टीने वजन उतरतं म्हणून वस्तीतली मुलंमुली महागाची पाकिटं आणताना दिसतात. चालायला गेलात, वडापाव कमी केलात, तर वजन उतरेल. नुसत्या हिरव्या चहाने नाही. त्यातही टॅनिन आणि कॅफिन असतंच, म्हणून जेवणाचा नियम त्यालाही लागू.

कोणतं पाकीट घ्यावं असं आम्हाला विचारतात. सोसायटी, सपट, गिरनार, वाघ बकरी, रेड लेबल, जो ज्याच्या जिभेवर बसला तो घ्यावा. तब्येतीच्या दृष्टीने या नावांत मोठा फरक नाही. फरक आहे तो पुडीत आणि पाकिटात. समजा दहा रुपयांच्या पुडीत २५ ग्रॅम चहा आहे. म्हणजे किलोला ४०० रुपये पडले. तोच चहा पाव किलोच्या पाकिटात ९० रुपयांना असेल तर किलोला ३६०. रोजच्या मजुरीवर रोज पुडी आणणाऱ्या घराला हा फरक महिन्याला जाणवतो, पण एकदम पैसे नसतात ही अडचणही खरी आहे. आमच्या ओळखीच्या एका बचत गटाने यावर तोड काढली. मुंबईत मशीद बंदर, नागपुरात इतवारी, पुण्यात मार्केट यार्ड अशा घाऊक किराणा बाजारात कोणी ना कोणी जातंच. त्या गटातल्या बाया महिन्याच्या सुरुवातीला मिळून मोठी पाकिटं मागवतात आणि वाटून घेतात. घरी आणल्यावर चहा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा, मसाल्याच्या डब्याशेजारी नको. चहा वास फार पटकन ओढतो.

सुट्टा चहा घेऊ नये असं नाही. चांगले चहावाले डोळ्यांसमोर मिश्रण करून देतात. पण पाकिटाच्या मानाने तो फारच स्वस्त असेल तर संशय घ्या. हॉटेलात वापरून झालेली चहाची भुकटी वाळवून, तिला रंग लावून पुन्हा विकण्याचा धंदा जुना आहे. तपासणं सोपं आहे. गाळण कागद किंवा पांढरा टिपकागद घ्या, त्यावर चमचाभर चहा पसरा, वरून थोडं पाणी शिंपडा. थोड्या वेळाने चहा झटकून कागद नळाखाली धुवा आणि उजेडात धरा. डाग राहिला नाही तर चहा ठीक. रंगाचे ठळक डाग उरले तर भेसळ. काचेच्या पेल्यात थंड पाणी घेऊन वर चिमूटभर चहा टाकला तरी अंदाज येतो. चांगला चहा रंग सावकाश सोडतो, रंगवलेला लगेच धारा सोडतो. चुंबक फिरवून पाहिलं तर एखाद-दुसरा लोखंडाचा कण चिकटू शकतो, कारण यंत्राचे रूळ झिजतात. चुंबकाला दाढी फुटली तर मात्र तो चहा परत करा. पाकिटावर अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक आणि पॅकिंगची तारीख असलीच पाहिजे. तक्रार असेल तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा १८००-२२२-३६५ हा क्रमांक विनाशुल्क आहे. उरलेला चहा आणि पावती मात्र जपून ठेवा.

बाहेरचा चहा आणताना प्लास्टिकच्या पातळ पिशवीत उकळता चहा बांधून आणणं बंद करा. घरून स्टीलची किटली किंवा बरणी न्या. कागदी कप म्हणजे निव्वळ कागद असंही नाही. त्याला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, आणि खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांना असं आढळलं की १०० मिली गरम पेय त्यात पंधरा मिनिटं ठेवलं तर प्लास्टिकचे सुमारे २५ हजार सूक्ष्म कण त्यात उतरतात. टपरीवर काचेचा ग्लास मागा. आणि वाफाळता चहा घशाखाली ढकलू नका. ६५ अंशांहून गरम पेयं सतत प्यायल्याने अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका संभवतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ मध्ये सांगितलं आहे. आपल्याकडे बशीत ओतून पिण्याची रीत होती, ती वाईट नव्हती.

गरोदर बायांनी दिवसाला दोन कपांवर थांबावं. ज्यांना रात्री झोप लागत नाही त्यांनी संध्याकाळी पाचनंतर चहा न घेतलेला बरा. अशा वेळी हातात गरम काहीतरी हवंच असतं, तर गवती चहा आहे. नाव चहाचं, पण तो चहाच्या झाडाचा नाही. त्यात कॅफिन नाही. भाजी बाजारात आलं-पुदिन्याच्या शेजारी त्याची जुडी स्वस्तात मिळते. पाच-सहा पाती कापून, आल्याचा तुकडा ठेचून पाण्यात उकळायची, दूध नको. जुडी घेताना बुडाशी पांढरा गड्डा असलेली निवडा. ती दोन-चार दिवस पाण्यात उभी ठेवली की मुळं फुटतात. मग फुटका डबा, रंगाची रिकामी बादली, कशातही लावा. तळाला भोकं पाडा आणि ऊन येईल अशी जागा द्या. आमच्या विहाराच्या मागच्या भिंतीला अशा तीन बादल्या आहेत. ज्यांना गड्डा हवा असेल त्यांनी रविवारी वंदनेनंतर घेऊन जावा.