बीडच्या भाकरीसोबतचे हाफ फ्राय

बीड जिल्ह्यात ज्वारीच्या भाकरीसोबत रुचणारे हाफ फ्राय, म्हणजे बलक न फोडता एकाच बाजूने तळलेले अंडे, उत्तम साधण्याचे रहस्य मंद आचेत आहे. कारण अंड्याचा पांढरा भाग सुमारे ६२ अंश सेल्सिअसला घट्ट होऊ लागतो, तर बलक साधारण ६५ ते ७० अंशांदरम्यान गोठतो. म्हणून लोखंडी तव्यावर शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेल तापवून आच कमी करावी, ताजे गावरान अंडे वाटीत फोडून अलगद सोडावे आणि झाकण ठेवावे, म्हणजे कोंडलेल्या वाफेने वरचा पांढरा भागही शिजतो. शेवटी मीठ आणि काळे तिखट, म्हणजे मिरच्या व खडे मसाले भाजून केलेली पूड, भुरभुरावे; मात्र लहान मुले, गर्भवती व वृद्धांसाठी साल्मोनेला या जिवाणूचा धोका टाळण्याकरिता बलकही पूर्ण शिजवावा.